निरामिष आमिष

‘आमिष’ हा शब्द हल्ली आपल्याला बहुतेक वेळा फसवणुकीच्या बातम्यांत भेटतो. जादा परताव्याचे आमिष, नोकरीचे आमिष, लग्नाचे आमिष. मुळात आमिष म्हणजे मांस. सामिष आणि निरामिष या जोडीत तो अर्थ अजून टिकून आहे. गळाला गांडूळ किंवा कोळंबी लावणारा माणूस या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदमच पाण्यात सोडतो. या पुस्तकाचा विषय असलेल्या वस्तूत मात्र मांसाचा कणही नाही. बोटभर लांबीची स्टीलची तार, तिच्यावर एका छोट्या कडीत अडकवलेले पितळेचे पाते, एक-दोन मणी, वजनासाठी पितळेचा नळीसारखा तुकडा आणि शेवटी केसांचा किंवा पिसांचा झुबका बांधलेला गळ, एवढाच तिचा संसार. हिला स्पिनर म्हणतात. ज्याने ती कधी पाहिली नाही त्याच्या तळहातावर ठेवली, तर तो बहुधा जोडीचे दुसरे कानातले कुठे आहे, असे विचारेल. पाण्यात राहणाऱ्या कोणत्याही जिवाशी तिचे रूप जुळत नाही. तरीही गोड्या पाण्यातले शिकारी मासे तिच्यावर तुटून पडतात, आणि गेली दीडशेहून अधिक वर्षे पडत आले आहेत.

मासा या निरामिष आमिषाला का फसतो, या प्रश्नाला आपण जे उत्तर देऊ, त्यावरच ते घरी का बांधावे याचे उत्तर अवलंबून आहे. नेहमीचे उत्तर असे, की माशाला ते पळणाऱ्या छोट्या माशासारखे दिसते. हे चूक नाही, पण आळशी आहे. तेच खरे मानले तर उत्तम स्पिनर म्हणजे हुबेहूब मासोळी, आणि हुबेहूबपणात साच्याच्या आणि रंगाच्या यंत्रापुढे घरातल्या टेबलावरचा माणूस हरणारच. मला वाटते, स्पिनर हा पाण्यात केलेला एक बेताचा गोंधळ आहे. तो किती जोराचा, किती खोलीवर आणि किती वेगाने व्हावा हे पात्याची रुंदी, तारेवरचे वजन आणि मागच्या झुबक्याचा दाटपणा यांच्या हिशेबाने ठरते. हा हिशेब प्रत्येक पाण्याला वेगळा असतो. कारखान्याला तो सरासरीने मांडावा लागतो, घरी बांधणाऱ्याला एका डोहापुरता मांडता येतो. हाताने बांधण्याचे समर्थन मी एवढ्यावरच करीन. काटकसर, परंपरा, हस्तकलेचा आनंद ही सगळी कारणे नंतरची, आणि त्यातली काही तर तपासली की टिकतही नाहीत.

इतिहास या म्हणण्याच्या बाजूने आहे. अमेरिकेत ज्यूलिओ ब्युएल याने १८५२ साली फिरत्या आमिषाचे पेटंट घेतले. त्याच्याविषयी दंतकथा सांगतात, की नावेत बसून खाताना हातातला चमचा तळ्यात पडला आणि बुडणाऱ्या चमच्यावर मोठा मासा झेपावला. अशा गोष्टी प्रत्येक धंद्याला मागाहून चिकटतात. न्यूटनच्या डोक्यावरचे सफरचंद त्याच जातीचे. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्या पोटातले निरीक्षण पक्के आहे. चमचा माशासारखा दिसत नाही, पण बुडताना तो जखमी माशासारखा डगमगतो. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या क्लेटन गावच्या स्किनरने १८७४ सालच्या पेटंटाची पन्हळी पाती विकली, आणि त्यांच्या गळांवर पिसांचे झुबके असत. १९३८ साली आंद्रे म्यूलनार या फ्रेंच अभियंत्याने ‘मेप्स’ या नावाने स्पिनर बनवायला घेतले. १९५१ साली विस्कॉन्सिनमधल्या अँटिगोच्या टॉड शेल्डन या मासेमारीचे सामान विकणाऱ्या दुकानदाराने त्यातला एक वुल्फ नदीत फेकला, त्यावर त्याला ट्राउट मिळाले, आणि तो माल अमेरिकेत येऊ लागला. या शंभर वर्षांत स्पिनर अधिकाधिक मासोळीसारखा दिसू लागला का? फारसा नाही. जे बदलत, सुधारत गेले ते पात्याचे वळण, कडीची घसट आणि वजनाची जागा. डोळे आणि खवले रंगवण्याचे प्रयोग झाले, पण मूळ घडण ठरली ती फिरण्याच्या हिशेबाने.

दुसरा पुरावा माशाच्या अंगावरच आहे. कल्ल्याच्या मागून शेपटीपर्यंत गेलेली एक बारीक रेघ रोहूच्या किंवा महशीरच्या कुशीवर सहज दिसते. ही पार्श्वरेषा. तिच्या छिद्रांखालच्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी आजूबाजूच्या पाण्याची हालचाल टिपतात. स्वेन डाइकग्राफ या डच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात या इंद्रियावर दीर्घकाळ काम केले आणि तिच्या कामाला दुरून केलेल्या स्पर्शाची उपमा दिली. उपमा नेमकी आहे, कारण या स्पर्शाचा पल्ला लहान असतो. साधारण माशाच्या अंगाच्या एक-दोन लांबीइतकाच. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात युरोपातल्या वेल्स जातीच्या शिवड्यासारख्या मिशाळ माशांना पूर्ण अंधारात गप्पी माशांबरोबर ठेवून अवरक्त कॅमेऱ्याने टिपले गेले. गप्पी काही सेकंदांपूर्वी ज्या वाटेने गेला होता, त्याच वाटेने शिकारी मासा वळणे घेत जातो आणि झडप घालतो, असे दिसले. तो पाहत होता असे म्हणायला जागाच नाही. पाण्यात मागे उरलेल्या खळबळीचा माग तो काढत होता. पुढच्या प्रयोगांत पार्श्वरेषा निकामी केल्यावर हे कसब खालावले.

यावर कोणी विचारील, की मग पितळेला चकाकी कशाला देता? चकाकीचे काम आहेच. नितळ पाण्यात चार-पाच मीटरवरच्या माशाला वळवायचे ते चमकच करते, कारण तेवढ्या लांबून पार्श्वरेषेला काही कळत नाही. पण वळलेला मासा जवळ येऊन तोंड उघडतो की पाठ फिरवतो, याचा निकाल शेवटच्या हातभर अंतरात लागतो, आणि तिथे पाण्याची खळबळ बोलते. पावसाळ्यानंतरच्या तांबूस गढूळ पाण्यात तर चमकेचा पल्लाही हातभरच उरतो. एकाच स्पिनरने दोन्ही कामे सारख्याच ताकदीने करावीत अशी अपेक्षा धरणे म्हणजे एकाच झाऱ्याने भजी तळायची आणि भातही उपसायचा.

पात्याचे वळण इथे कामाला येते. कोलोरॅडो म्हणतात ते पाते जवळजवळ गोल असते. ओढताना ते तारेपासून लांब फेकले जाते, सावकाश फिरते आणि प्रत्येक फेऱ्याला पाण्याला ठोसा देते. विलो हे त्याच्या उलट टोकाला. विलो म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाचा जातभाई, आणि पाते त्याच्या पानासारखेच अरुंद. ते तारेला बिलगून भरभर फिरते, चमक जास्त देते आणि धक्का कमी. इंडियाना या दोघांच्या मधले. रुंद पाते पाण्याचा आधार घेऊन स्पिनरला वर उचलते, म्हणून सावकाश आणि उथळ ओढायला बरे. अरुंद पाते त्याच वेगाला खोल जाते. म्हणजे पाते निवडताना आपण रूप निवडत नसून खोली आणि गती निवडतो. दुकानातल्या पाकिटावर वजनाचा आकडा असतो, रंगाचे नाव असते. पाते कोणत्या वेगाला फिरू लागते हे मात्र लिहिलेले नसते, आणि खरी गोम तीच आहे.

पाते घरी घडवावे का, यावर माझे मत थोडे नरम आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी पत्र्याचा तुकडा कापून, लाकडी ठोकळ्यातल्या खोलगट खळग्यावर धरून गोल तोंडाच्या हातोडीने बसवता येतो. पितळ ठोकले की ताठ होत जाते. मधेच तापवून नरम केले नाही तर कडेला चीर जाते. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर जे मठारकाम चालते ते याच धातुगुणावर उभे आहे: ओळीने मारलेला प्रत्येक ठोका चकाकीबरोबर पत्र्याला ताठपणाही देतो. मठारलेल्या पात्यावर प्रकाश एका पट्ट्यात न पडता तुटक तुटक उसळतो, आणि नितळ पाण्यात ही गोष्ट क्षुल्लक नाही. तरीही दहा पाती सारख्या खोलीची घडवणे नवशिक्याच्या हातचे काम नव्हे. एकाची खोली किंचित कमी पडली की ते पाते पाण्याला पकडच घेत नाही, नुसते फडफडते. म्हणून पाती विकत घ्यावी, बांधणी मात्र स्वतः करावी, अशी मधली वाट या पुस्तकाने धरली आहे. कट्टर लोक नाक मुरडतील; मुरडोत.

बांधणीचा खरा कस शेवटच्या झुबक्यात लागतो, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याच्याविषयीच. कोरड्या स्पिनरकडे पाहिले तर तो शोभेचा वाटतो, लग्नातल्या घोड्याच्या तुऱ्यासारखा. पाण्यात गेला की तो कामाला लागतो. ओले केस बुडण्याचा वेग कमी करतात, म्हणून ओढणे क्षणभर थांबवले तरी स्पिनर दगडासारखा तळाला जात नाही. पात्याच्या मागे जे फिरते पाणी उरते त्यात ते आकसतात आणि फुलतात, त्यामुळे खळबळीला शेपूट येते. शिवाय पाते फिरताना मण्याच्या घर्षणातून थोडा पीळ तारेतही उतरतो. मागे केसांचा अडसर असला की गळ त्या पिळाबरोबर गरगरायला सहज तयार होत नाही, आणि तंगूसाला गुंता कमी पडतो. भोवरकडी लावायची ती लावावीच, पण झुबका तिचा भार हलका करतो.

हा झुबका बांधताना हात काय करतो ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. तीन टोकांचा गळ शिकंज्यात धरायचा. दांड्यावर मेण लावलेल्या दोऱ्याचे दाट वेढे देऊन पाया करायचा, कारण उघड्या पोलादावर केस घसरतात. मग केसांची बट कापून मुळाशी धरायची आणि बारीक दातांच्या फणीने आतली मऊ लव विंचरून काढायची. या पायरीला बहुतेक जण कंटाळतात. लव राहिली की ती ओली होऊन गोळा होते आणि झुबक्याचा बोळा बनतो. उरलेली बट पेन्सिलीतल्या शिशापेक्षा फार जाड नको. ती चिमटीत धरून दोऱ्याचा पहिला फेर सैल टाकायचा, चिमटी न सोडता तो सरळ खाली ओढायचा आणि मगच घट्ट करायचा. पहिलाच फेर घट्ट केला तर केस दांड्याभोवती फिरून सगळे एका बाजूला जातात. तिन्ही टोकांच्या मधल्या फटींत एकेक बट बसवायची, केसांची टोके गळाच्या वाकापलीकडे थोडीच जाऊ द्यायची, दोऱ्याला गाठ मारून वर नेलपॉलिशचा थेंब सोडायचा. केस फार लांब ठेवले तर मासा मागूनच शेपूट ओढतो आणि गळाच्या वाटेला जात नाही. नवशिक्याची चूक जवळजवळ नेहमी एकच, केस जास्त. दाट झुबका हातात देखणा दिसतो आणि पाण्यात पात्याचा गळा दाबतो.

कारखान्याची साक्ष इथे उपयोगी पडते. अँटिगोच्या मेप्सची पाती साच्यात छापली जातात, पण गळांवरचे झुबके तिथेही माणसेच हाताने बांधतात, आणि त्यासाठी खारीच्या शेपट्या शिकाऱ्यांकडून विकत घेतल्या जातात. कारण असे सांगतात, की त्या शेपटीत लव जवळजवळ नसते, सगळा केसच असतो. धातूचे काम यंत्राकडे गेले आणि केसांचे हातात राहिले, यावरूनच कुठला भाग नाजूक हिशेबाचा आहे ते कळावे.

आता आक्षेपांकडे. पहिला पैशाचा: घरी बांधला तर स्वस्त पडतो का? पहिले वीस तरी पडत नाहीत. गोल नाकाची पक्कड, शिकंजा, तार, सुट्या भागांची पाकिटे आणि वाया गेलेले नमुने यांचा हिशेब धरला तर बाजारचा स्पिनर स्वस्त ठरतो. या छंदाची भलामण काटकसरीच्या नावाने करणाऱ्यांनी वही उघडून पाहावी. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. नव्या स्पिनरवर मासा लागला म्हणजे तो स्पिनर चांगला, हे कशावरून? त्या सकाळी ढग होते, पाणी नुकतेच चढले होते, आणि मासे कशावरही आले असते. खरे आहे. गळ टाकणाऱ्यांच्या गप्पांतली निम्मी शहाणीव अशाच योगायोगांची असते, आणि लाल मण्यांची महती सांगणाऱ्याला काळ्या मण्यांनी त्याच दिवशी काय केले असते ते ठाऊक नसते. पण यातून हातच्या बांधणीचा पराभव निघत नाही. निघते ते इतकेच, की स्पिनरची परीक्षा माशांच्या संख्येवर करू नये. त्याच्या ज्या गोष्टी डोळ्यांनी दिसतात त्यांवर करावी. पाण्याच्या टाकीत तो हाताने ओढून पाहा. पाते पहिल्या विताच्या आत फिरू लागते का? ओढ थांबवली की तो आडवा राहून बुडतो की नाक खाली करतो? दहा वेळा ओढल्यावर तंगूस मोकळा सोडला तर त्याला पीळ पडतो का? ही उत्तरे त्याच दिवशी मिळतात आणि त्यांत नशिबाचा वाटा नसतो. एका वेळी एकच भाग बदलायचा आणि बाकीचे तसेच ठेवायचे, ही सोय बांधणाऱ्यालाच आहे; विकत घेणाऱ्याला दुसरा स्पिनर घेताना सगळेच बदलून मिळते.

आपल्याकडे या सोयीची गरज जास्त, कारण बाजारातले बहुतेक स्पिनर ट्राउट, पाइक आणि बास डोळ्यांपुढे ठेवून घडलेले आहेत. दख्खनचे मासे वेगळे. १८३९ साली कर्नल साइक्सने ज्या महशीरला ‘खुद्री’ हे नाव दिले, त्याचा नमुना पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळाला होता. आज तिथल्या पाण्याची दशा पाहता हे वाचून वाईट वाटते, पण तो वेगळ्या पुस्तकाचा विषय. महशीरच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात, आणि त्यांची पकड पातळ गळ वाकवून टाकते. ट्राउटसाठी केलेला नाजूक तीनटोकी गळ त्याच्यापुढे टिकणे कठीण. मरळ शेवाळात आणि पाणवनस्पतींच्या काठाशी दबा धरते. तीनटोकी गळ तिथे पहिल्याच ओढीला हिरव्या दाढीसह परत येतो; तिथे एकच टोक, वर वळवलेले, आणि हळू ओढीला फिरणारे रुंद पाते हवे. शिवडा सांजवेळेनंतर निघतो आणि मिशांनी जग चाचपतो. त्याला चमकेचे कौतुक बेताचेच. या तिघांसाठी तीन वेगळ्या बांधण्या लागतात, आणि त्या पाकिटात मिळण्याची वाट पाहण्यापेक्षा तार वळवलेली बरी.

सामान निवडताना कायदा मात्र पक्का ठाऊक हवा. परदेशी पुस्तके हरणाची शेपटी, खारीची शेपटी, रानकोंबड्याच्या मानेची पिसे असे सर्रास सुचवतात. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या लाखेसारख्या चकचकीत ठिपक्यांच्या पिसांना विलायतेतल्या बांधणाऱ्यांनी एके काळी फार मोल दिले आणि त्याची किंमत पक्ष्याने मोजली. तो पक्षी, चितळ, सांबर आणि आपला राज्यप्राणी शेकरू हे सारे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली आहेत. त्यांचे केस-पिसे रानात पडलेली सापडली तरी टेबलावर आणू नयेत. गरजही नाही. गावठी कोंबड्याच्या मानेची आणि पाठीची पिसे, बोकडाच्या शेपटीचे केस, लोकरीचा धागा एवढ्यात सगळे भागते. वजनासाठी शिसे स्वस्त पडते, पण तुटून तळाशी राहिलेले शिसे पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात. हंसांच्या विषबाधेमुळे ब्रिटनने १९८७ सालापासून बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आणली. पितळ थोडे महाग पडते आणि थोडे मोठे होते. पितळच वापरावे. आणि धरणांची, तलावांची मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते; गळ टाकण्याआधी त्यांना विचारणे हा शिष्टाचार तर आहेच, हक्काचाही प्रश्न आहे.

शेवटचा आक्षेप असा आहे की त्याला पुरते उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणणेही बरे नव्हे. पोटासाठी नाही, तर खेळासाठी माशाला गळ लावायचा आणि सोडून द्यायचे, हे कितपत योग्य? २००३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे चेताग्र असल्याचे दाखवले. त्यावरून माशाला आपल्यासारख्या वेदना होतात असे सिद्ध होते का, हा वाद चालू आहे; पण ‘माशाला काय कळतंय’ असे म्हणून हात झटकणे तेव्हापासून अवघड झाले, आणि ते चांगलेच झाले. ज्याला हे मुळातच नको त्याला पटवण्याचा प्रयत्न हे पुस्तक करत नाही. गळ टाकणारच असलेल्याला मात्र दोन गोष्टी सांगता येतात. पकडून सोडलेल्या माशांच्या अभ्यासांत वारंवार दिसते, की खऱ्या आमिषावरचा गळ घशात खोल जातो आणि असे मासे जास्त मरतात. फिरत्या स्पिनरचा गळ बहुतेक वेळा ओठात किंवा जबड्यात बसतो. आणि घरी बांधणाऱ्याला तीनटोकीऐवजी एकच गळ बांधता येतो, त्याचा काटा पक्कडीने दाबून सपाट करता येतो. तीनटोकीपेक्षा एकटा गळ नेहमीच कमी घातक, असे अभ्यास एकमुखाने म्हणत नाहीत. पण तो काढायला लवकर निघतो, आणि पाण्याबाहेरचा प्रत्येक क्षण माशाच्या खात्यात उधार असतो.

पुस्तकाचे पहिले प्रकरण पात्याचे नाही, केसांचेही नाही. ते तारेच्या फासाचे आहे. साडेसात दशांश मिलिमीटरच्या आसपासची स्टीलची तार गोल नाकाच्या पक्कडीवर वळवून, तिचे टोक स्वतःभोवती तीन फेरे घट्ट गुंडाळून फास करायचा. खालचा फास गळासाठी, वरचा तंगूसासाठी. वरचा फास आवळण्यापूर्वी पात्याच्या कडीला दोन मिलिमीटर मोकळीक राहिली आहे का, हे नखाने ढकलून पाहायचे. ती राहिली नाही तर पाते अडते, आणि मग रंग, केस, मठार, सगळे वाया जाते. वाचकाने पहिल्या आठवड्यात काहीही न बांधता फक्त वीस फास करावेत. एकोणीस फेकून द्यावे लागले तरी चालेल. तार स्वस्त आहे.